खडकदरीची बाळंतखोली

पुसेगाव
१८ जुलै २०२३

अबोली,

फोन न करता पत्र लिहून राहिले, त्याचं कारण आधी सांगते. फोनवर तू बोलायला लागलीस की मी ऐकतच बसते. नांदेडच्या वसतिगृहात एका खोलीत राहत होतो तेव्हापासूनची माझी ही खोड. या वेळी मला ऐकायचं नाही.

आमच्या खडकदरी तांड्यावरच्या आरोग्य केंद्रातली बाळंतखोली बंद केली. दाराला कुलूप घातलं आणि टेबल टेम्पोत टाकून नेलं. सिस्टर अजून आहे, पण तिनं फक्त लसी टोचायच्या आणि गोळ्या वाटायच्या. बाळंतपणाला तालुक्याला जा, अशी पाटी दारावर लावलीय. तालुका किती लांब आणि मधला रस्ता कसा, हे तुला सांगायला नको. माझ्या भावाच्या, कुलदीपच्या मोटारसायकलवर मागं बसून त्या रस्त्यानं तू महिनोन्महिने फिरली आहेस.

माझी शाळा इथं पुसेगावला असली तरी सुट्टीला मी तांड्यावर जाते. मागच्या ग्रामसभेत बायकांनी आलेल्या साहेबाला विचारलं, खोली काहून बंद केली. तो म्हणाला, पुण्याच्या सल्लागार कंपनीनं अभ्यास केलाय. तांड्यातल्या बायकांना घरीच बाळंत व्हायला आवडतं, तशी त्यांची परंपराच आहे, म्हणून खोलीचा वापर कमी. आणि हा अभ्यास कुणा ऐऱ्यागैऱ्याचा नाही, याच तांड्यात राहून पीएचडी केलेल्या बाईंचा आहे. मग त्यानं नाव वाचलं. डॉ. अबोली धर्माधिकारी.

माझी आई, जिला तूही याडी म्हणायचीस, माझ्या शेजारी बसली होती. नाव ऐकून तिनं पदर सारखा केला आणि उठून घरी गेली.

त्याच याडीच्या चुलीपुढं बसून तू जेवलीस, अबोली. बायका नवऱ्यापुढं बोलत नाहीत ते तुझ्यापुढं बोलल्या. काय सांगितलं होतं त्यांनी? दवाखान्यात गेलं की 'तुम्ही लोक आंघोळी करत नाही का' म्हणून ओरडतात, कळा येत असताना मांडीवर चापट्या मारतात, म्हणून आम्ही घरी बाळंत होतो. पुढं ही नवी सिस्टर आली. ती गोड बोलते म्हणून बायका आपण होऊन जायला लागल्या होत्या. चापट्यांची भीती ही परंपरा कधीपासून झाली?

कुलदीपची बायको निता पहिलटकरीण आहे. सप्टेंबरात दिवस भरतील. तिला कुठं न्यायचं ते तुझ्या कंपनीला विचारून कळव.

शितल


पुणे
३ ऑगस्ट २०२३

प्रिय शितल,

पत्र दोनदा वाचलं. तू चिडली आहेस आणि तुझ्या जागी मीही चिडले असते. पण तू जे ऐकलंस ते अर्धं आहे.

मी या कामात का आले हे तुला कधी नीट सांगितलं नाही. पीएचडी झाल्यावर मी पुण्यात तासिका तत्त्वावर शिकवत होते. सकाळी एका कॉलेजात, दुपारी दुसऱ्या, आणि उन्हाळ्यात कुठंच नाही. कायम जागेच्या मुलाखतीला गेले की निवडायचा माणूस आधीच ठरलेला असायचा. एकदा तर समितीतल्या एका गृहस्थांनी चहा पिता पिता मला तसं सांगितलंही. तुमच्या तांड्यावरचा माझा प्रबंध विद्यापीठाच्या कपाटात पडून राहिला. तो कुणी उघडला नाही, शितल. ज्या बायकांनी मला सगळं सांगितलं, त्यांच्या बोलण्याचं तिथं काहीच झालं नाही.

मग या कंपनीनं बोलावलं. रुग्णालयांचा कारभार सुधारायचा सल्ला देणारी कंपनी. त्यांना समाजशास्त्र जाणणारं माणूस हवं होतं. पहिल्याच कामात एका मोठ्या रुग्णालयात मी रोज बाह्यरुग्ण विभागात जाऊन बसले. बायका औषध न घेता परत का जातात ते पाहिलं. खिडकीतून नाव आणि आजार मोठ्यानं पुकारत होते, म्हणून. मी अहवालात ते लिहिलं आणि पुकारा बंद झाला. इतकी वर्षं शिकवून माझ्या हातून काही बदललं नव्हतं. इथं एका वाक्यानं बदललं. संचालक विश्वजीत सरांनी मला विभागप्रमुख केलं. त्या दिवशी वसमतला बाबांना फोन केला तेव्हा ते देवघरात जाऊन रडले, असं आईनं सांगितलं.

खडकदरीबद्दल माझी शिफारस साधी होती. एकट्या सिस्टरच्या जिवावर बाळंतपण करणं धोक्याचं आहे. तालुक्याला डॉक्टर आहे, रक्ताची सोय होते. पण खोली हलवायची तर आधी केंद्रावर कायम गाडी हवी, आणि दिवस भरत आलेल्या बायकांना तालुक्याला राहायला जागा हवी. हे मी लिहिलंय. परंपरेचं वाक्य माझं नाही. साहेब आपल्या मनाचं बोलला असेल.

गाडी येईल. सरकारी काम आहे, थोडा वेळ लागतो. तोवर निताला आठवा सरला की वसमतला आमच्या घरी आणून ठेव. बाबा, म्हणजे तुझे विष्णुपंतकाका, आनंदानं सांभाळतील.

आपल्या मैत्रीत हे येऊ देऊ नकोस.

तुझी
अबोली


पुसेगाव
२७ सप्टेंबर २०२३

अबोली,

निताची मुलगी गेली.

तू विचारशील, म्हणून सगळं सांगते. दुपारची वेळ होती. मी तांड्यावरच होते. निताला सकाळपासून बारीक कळा होत्या, दुपारी एकदम वाढल्या. कुलदीपनं रुग्णवाहिकेला फोन लावला. ती दुसऱ्या टोकाला गेलेली होती, यायला वेळ होता. मग शेजारच्या शेषराव काकांची जीप काढली. तू लिहिलेली गाडी आली नाही. ती यायची होती हेसुद्धा इथं कुणाला माहीत नव्हतं.

जीप केंद्रावरूनच जाते. सिस्टर बाहेर पळत आली, निताच्या पोटाला हात लावला आणि म्हणाली, वेळ नाही, हिला उतरवा. आम्ही उतरवलं. पण खोलीला कुलूप, किल्ली वरच्या साहेबाकडं. कुलदीपनं दगड उचलला. तेव्हा सिस्टरच म्हणाली, तोडून काय करता दादा, आत काहीच नाही ठेवलेलं. टेबल नाही, बाळाला श्वास द्यायचं सामान नाही. सगळं नेलं. मग ती बाई आपली नोकरी धोक्यात घालून आमच्यासंगं जीपमध्ये बसली.

कयाधू नदीच्या पुलाच्या अलीकडं निता बाळंत झाली. याडीनं आपल्या लुगड्याचा आडोसा केला. मुलगी झाली. ती रडली नाही. सिस्टरनं तोंडानं श्वास दिला, पाठ चोळली, उलटी धरली, पुन्हा श्वास दिला. एकदा बारीक आवाज आला. आम्हाला वाटलं आता रडेल. तालुक्याच्या डॉक्टरनं हातात घेतलं तेव्हा ती थंड होती. तो भला माणूस. म्हणाला, जन्मताच नळी लावता आली असती तर वाचली असती. कुलूप लागायच्या आधी नळी त्या खोलीत होती, अबोली. मी स्वतः पाहिली होती.

निताला रक्त द्यावं लागलं. ती वाचली. घरी आल्यापासून कुणाशी बोलत नाही. दूध येतं तेव्हा भिंतीकडं तोंड करून बसते.

तुझ्या बाबांकडं निताला ठेव म्हणालीस. मनानं म्हणाली असशील. पण तांड्यातल्या बाकीच्या बायकांना कुणाच्या बाबांकडं ठेवू? तुझ्या अहवालात त्यांना दोन ओळी मिळाल्या आणि नितासाठी तुझं घर निघालं, कारण ती माझी भावजय. याला तुमच्या समाजशास्त्रात काय म्हणतात ते मला माहीत नाही.

मैत्रीत हे येऊ देऊ नको म्हणतेस. ते जीपमधून आलंय.

शितल


पुणे
५ ऑक्टोबर २०२३

शितल,

काय लिहू कळत नाही, म्हणून फक्त झालं ते लिहिते.

तुझं पत्र घेऊन मी विश्वजीत सरांकडं गेले. ते दुःखद आहे म्हणाले. मग म्हणाले, एका घटनेवरून अख्ख्या योजनेचा निकाल लावायचा नसतो, हे तुमच्यासारख्या अभ्यासकाला मी सांगायला नको. समोर बिस्किटांची बशी होती, ती त्यांनी माझ्याकडं सरकवली.

सरकारला दिलेला अंतिम अहवाल मी मागितला. मी माझं प्रकरण लिहून दिलं होतं, छापून गेलेलं वाचलं नव्हतं. आपलंच लिहिलेलं पुन्हा काय वाचायचं, असं वाटलं होतं. त्यात गाडी नाही. राहायची जागा नाही. या दोन्ही गोष्टी 'पुढील टप्प्यात विचाराधीन' अशा एका ओळीत ढकलल्या आहेत. आणि चापट्यांबद्दल, ओरडण्याबद्दल मी जे लिहिलं होतं ते काढून तिथं 'सांस्कृतिक पसंती' असे दोन शब्द घातलेत. वर माझं नाव. खाली माझ्या प्रबंधाचा दाखला.

मी विचारलं हे कुणी बदललं. सर म्हणाले, ग्राहकाला निर्णय घेता येईल असं लिहावं लागतं. तुमचा मजकूर भावनिक होता, आम्ही तो सुटसुटीत केला. विद्यापीठात माझं लिहिलेलं कुणी वाचत नव्हतं. इथं वाचलं, आणि त्यातलं माणूस तेवढं काढून टाकलं. मी अहवाल घेऊन त्यांच्या खोलीतून उठून आले. ते रागानं की शरमेनं, ते तू ठरव. मला वाटतं रागानं.

अजून ऐक. हीच योजना 'हिंगोली पद्धत' म्हणून आणखी जिल्ह्यांना विकायची आहे. नोव्हेंबरात हिंगोलीत मोठी बैठक आहे, बाहेरचे अधिकारीही येणार. माझं प्रकरण मीच मांडायचं ठरलंय. तिथं मी हे सगळं बोलणार आहे. पण माझ्या एकटीच्या शब्दाला किती वजन? मी पुढच्या आठवड्यात तांड्यावर येते. बायकांचं म्हणणं ध्वनिमुद्रित करून घेऊ. निता बोलली तर फार परिणाम होईल. तू सगळ्यांना एकत्र बोलावून ठेवशील का?

अबोली


पुसेगाव
१६ ऑक्टोबर २०२३

अबोली,

येऊ नको.

तुझं पत्र मी याडीला वाचून दाखवलं. बायकांनाही सांगितलं. सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग याडी म्हणाली, "त्या पोरीला येकडाव समदं सांगितलं. ते तिकडं गेलं आन् आमच्या दाराचं कुलूप हून आलं. आता आमच्या तोंडातला शब्द कुणाच्या हातात न्हाई द्यायचा."

तुझ्या कंपनीनं तुला फसवलं, हे मी मानते. त्यांचा मला तुझ्याहून जास्त राग आहे. पण तुझं पत्र तू एकदा पुन्हा वाच. निता बोलली तर फार परिणाम होईल, असं लिहिलंस. निता आपल्या सासूशी बोलत नाही. तिच्या तोंडापुढं यंत्र धरायचं तुझ्या मनात आलं तरी कसं? तू वाईट नाहीस. त्या ऑफिसात बसून तुला माणसाचं दुःख उपयोगाचं दिसायला लागलंय.

बैठकीत तुला जे बोलायचं ते स्वतःच्या तोंडानं बोल. आमचं नाव घेऊ नको.

शितल


वसमत
२४ नोव्हेंबर २०२३

शितल,

तू म्हणालीस तसंच केलं. नंतर तुला कळवायचं धाडस व्हायला आठवडा गेला.

बैठक जिल्ह्याच्या सभागृहात होती. विश्वजीत सरांनी पडद्यावर नकाशे दाखवले, अधिकारी माना डोलावत होते. माझी पाळी आली. पाठ केलेलं सगळं भाषण मी विसरले. मी म्हणाले, "या प्रकरणावर माझं नाव आहे, पण यातली शिफारस माझी नाही. मी गाडी आधी मागितली होती. ती काढून टाकली. बायका घरी बाळंत होत होत्या त्या मार खायच्या भीतीनं, आवडीनं नाही. हे मी लिहिलं होतं. तेही काढलं. ही पद्धत दुसऱ्या जिल्ह्यात नेऊ नका."

कुणीतरी विचारलं, मग तुम्ही आधी का नाही बोललात. मी म्हणाले, आपलं नाव कुठं वापरलं जातंय हे मी पाहिलं नाही. सर उठून म्हणाले, मॅडमवर सध्या कामाचा फार ताण आहे. काही लोक हसले. अध्यक्षस्थानी बसलेल्या बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी मला काय काय काढलं ते पुन्हा सांगायला लावलं आणि लिहून घेतलं. मग चहाची सुट्टी झाली. सुट्टीत कंपनीच्या माणसानं माझ्या गळ्यातलं ओळखपत्र मागून घेतलं, आणि मी सरळ बसस्थानकावर जाऊन वसमतची गाडी धरली.

नोकरी गेली. गोपनीयता मोडली म्हणून वकिलाची नोटीस आलीय. बाबांना वाटलं होतं मी दिवाळीनंतर चार दिवस घरी राहायला आले. खरं सांगितल्यावर त्यांनी नोटीस पूर्ण वाचली. मग म्हणाले, देवळात मी इतकी वर्षं चाकरी केली, देवाच्या नावावर काय काय खपवतात ते पाहिलंय, पण जित्या बाईचं नाव असं वापरल्याचं पहिल्यांदा ऐकलं. नोटीस त्यांनी पिशवीत ठेवली आणि ओळखीच्या वकिलाकडं निघाले.

इथल्या कॉलेजात तासिकेवर जागा आहे, अर्ज केलाय. फिरून पुन्हा तिथंच. पण तिथं निदान माझं वाक्य मीच बोलेन.

खोली उघडेल का, ठाऊक नाही. तू उत्तर दिलं नाहीस तरी चालेल.

अबोली


पुसेगाव
२१ जानेवारी २०२४

प्रिय अबोली,

उत्तराला उशीर झाला, कारण सांगण्याजोगं घडायची वाट पाहत होते.

आधी तुला माहीत नसलेली गोष्ट सांगते. त्या बैठकीला आम्हीही आलो होतो. तू बोललीस तेव्हा आम्ही बाहेर फाटकापाशी होतो, शिपाई आत सोडत नव्हता, पण माईकवरून तुझा शब्द न् शब्द ऐकू येत होता. चहाच्या सुट्टीत तू मान खाली घालून बाहेर पडलीस ती आमच्या समोरून गेलीस. मी हाक मारणार होते. याडीनं हात धरला. म्हणाली, तिला जाऊ दे, तिचं काम झालं, आता आपलं.

त्या अध्यक्षबाई व्हरांड्यात आल्या तशी याडी शिपायाच्या हाताखालून आत गेली. तिच्यामागं पारुबाई आणि तांड्यातल्या आठ-दहा जणी. लुगडी-कांचोळ्या पाहून बाई थांबल्या. त्यांच्यामागं तुझे ते विश्वजीत सर हातात कप घेऊन उभे. याडीनं त्यांच्याकडं पाहिलंही नाही. ती बाईंना म्हणाली, "आमाला काय आवडते ते तुमी कागदाला काहून इचारता? आमी इथंच हाव. आमाला इचारा." बाईंनी विचारलं. याडीनं सांगितलं. चापट्यांपासून पुलापर्यंत सगळं, उभ्यानं, एकदाही न अडखळता. निताचं नाव तिनं घेतलं नाही. फक्त 'माझी नात' म्हणाली.

मग चौकशी लागली. चौकशीचे लोक दोनदा आले, एकदा तर आम्हालाच म्हणाले की तुम्ही लोकांनी गाडी आधीच सांगून ठेवायला पाहिजे होती. मला त्यांना वर्गाबाहेर उभं करावंसं वाटलं. सिस्टरला, जीपमध्ये बसली म्हणून, खुलासा मागणारा कागद आला. कुलूप लावणाऱ्याला मात्र कुणी काही विचारलं नाही, आणि विचारतील असं वाटतही नाही. पण दुसऱ्या जिल्ह्यांचं काम थांबलं, एवढं नक्की. आणि या महिन्यात खोली उघडायचं ठरलं. टेबल आलं, सामान आलं, केंद्राच्या अंगणात गाडी येऊन उभी राहिली.

आता परवाचं ऐक. उद्घाटन होतं. कुलूप लावताना कुणी समारंभ केला नव्हता, उघडताना मात्र मांडव आणि खुर्च्या. दारावर लाल फीत. सांगितलं होतं सकाळी, पण पाहुणे साहेब दुपार कलली तरी येईनात. बायका उन्हात बसून होत्या. फोटोवाल्यासंगं एक तरुण मुलगी आली होती, तिच्या गळ्यात तुझ्या जुन्या कंपनीचं ओळखपत्र. लोकसहभागातून खोली पुन्हा सुरू झाली, असं त्यांना त्यांच्या पुस्तिकेत छापायचंय म्हणे. मी तिला मांडवाबाहेर नेलं आणि काय झालं होतं ते सांगितलं. तिला ठाऊक नव्हतं. तिनं गळ्यातला पट्टा काढून पिशवीत टाकला. पुढं काय करेल कोण जाणे.

तेवढ्यात पारुबाईच्या सुनेच्या सकाळपासूनच्या बारीक कळा एकदम वाढल्या. तिला धरून आणलं. सिस्टर दाराकडं निघाली तर कारकून आडवा आला. म्हणाला, साहेब वाटेत आहेत, फीत कापल्याशिवाय आत जाता येणार नाही, थोडा वेळ कळ काढा. सिस्टर त्याच्याशी भांडत होती, कुलदीप धावत येत होता, पोरगी पायरीवर बसून ओठ चावत होती.

निता बायकांत मागं बसली होती. तिला आणायचंच नव्हतं, ती आपण होऊन आली होती. ती उठली. कारकुनाच्या बाजूनं पुढं गेली, दोन्ही हातांनी फीत धरून ओढली आणि तोडून खाली टाकली. दार ढकललं. पारुबाईच्या सुनेला काखेत धरून आत घेऊन गेली. सिस्टर मागोमाग. दार लागलं.

आम्ही बाहेर उभे. मग आतून रडणं ऐकू आलं, चांगलं खणखणीत. याडी पायरीवर बसली आणि सप्टेंबरापासूनचं सगळं रडली.

त्यानंतर साहेबांची गाडी आली. साहेब उतरले, हार घालून घेतला, दाराकडं पाहिलं आणि विचारलं, फीत कुणी तोडली. कारकून खाली पडलेली फीत गोळा करायला लागला. तेव्हा दार उघडून निता बाहेर आली. पदराला हात पुसत होती. इतक्या महिन्यांत तिचा आवाज आम्ही ऐकला नव्हता.

"मी तोडली," ती म्हणाली. "आत बाळंतीण हाय. गलका करू नका."

तुझी
शितल